ट्रिप टकर परत आला, पण टीपॉलला कोणी विचारले का?

दक्षिण कसबा (धागालेखक)

गेल्या रविवारी पार्क चौकात चहा पिताना आम्हा तिघांत जो वाद झाला तो तिथे मिटला नाही, म्हणून तो इथे आणतो आहे. वाद 'स्टार ट्रेक : एंटरप्राइझ' या मालिकेतल्या ट्रिप टकरचा आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पुढे पाहायची आहे त्यांनी इथूनच परतावे, कारण पुढे सगळा रहस्यभेदच आहे.

ही मालिका २००१ ते २००५ अशी चार पर्वे चालली आणि १३ मे २००५ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागात जहाजाचा मुख्य अभियंता ट्रिप हा आपल्या कप्तानाला, म्हणजे आर्चरला, वाचवताना मेला. कथेत ते साल २१६१ आहे आणि पृथ्वीसह चार ग्रहांचे संघराज्य स्थापन होण्याला अवघे काही दिवस उरले आहेत. आता गंमत अशी की हा मृत्यू आपण थेट पाहतच नाही. दोनशे वर्षांनी, २३७० मध्ये, दुसऱ्याच एका जहाजावरचा रायकर नावाचा अधिकारी होलोडेकवर, म्हणजे हुबेहूब देखावा उभा करणाऱ्या दालनात, इतिहासातला तो प्रसंग उभा करून पाहतो आहे आणि त्याच्या खांद्यावरून आपण तो पाहतो. ज्यांनी चार वर्षे या माणसांवर जीव लावला होता त्यांना आपल्या लाडक्या पात्राचा शेवट असा उसन्या डोळ्यांनी पाहावा लागला, आणि ते दुःख अजून गेलेले नाही.

कादंबरीकारांनी नेमकी हीच फट हेरली. अँडी मँगल्स आणि मायकल मार्टिन यांच्या २००६ सालच्या 'लास्ट फुल मेझर' या कादंबरीच्या अगदी शेवटी ट्रिप म्हातारपणी जिवंत असल्याचा पत्ता त्यांनी टाकला, आणि २००७ मध्ये 'द गुड दॅट मेन डू' या कादंबरीत सगळा उलगडा केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रायकरने पाहिला तो देखावा सरकारी नोंदींवरून तयार झालेला होता आणि त्या नोंदीच बनावट होत्या. ट्रिप २१६१ मध्ये मेलाच नाही. २१५५ मध्ये त्याने मरणाचे सोंग केले, शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतला आणि शत्रुपक्षातल्या रोम्युलन लोकांच्या नव्या इंजिनाची बातमी काढण्यासाठी तो त्यांच्यात हेर म्हणून गेला. पुराव्यादाखल त्यांनी मालिकेतल्याच उणिवा पुढे ठेवल्या. शेवटच्या भागात सहा वर्षे उलटून गेलेली आहेत, तरी जहाजावर कोणालाही बढती नाही आणि ट्रिप व त्याच जहाजावरची अधिकारी टीपॉल यांचे अर्धवट राहिलेले प्रकरण जिथल्या तिथे थिजलेले आहे. इतकी रेंगाळलेली बढती सरकारी कचेरीतही सापडायची नाही. ज्याला आपण लेखकांचा आळस म्हणत होतो त्याला या दोघांनी बनावट दस्तऐवजाची खूण ठरवले, आणि ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

मग वाद कशाचा? माझी प्रत नवी पेठेतल्या एका रद्दीच्या दुकानातून चाळीस रुपयांना घेतलेली आहे. तिचा कणा चिकटपट्टीने बांधलेला आहे, आणि आर्चर आणि त्याचे जहाजावरचे सहकारी रीड व डॉक्टर फ्लॉक्स हे तिघे ट्रिपचे गुपित आपल्यापुरते ठेवतात त्या पानाच्या समासात आधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने मराठीत लिहिले आहे : 'हिला का नाही सांगितले?' ही म्हणजे टीपॉल. मला वाटते की मेलेले पात्र परत येऊ शकते की नाही, कादंबरी मालिकेशी जुळते की नाही, या आपल्या नेहमीच्या वादांपेक्षा समासातला हा प्रश्न मोठा आहे. तुमचे मत काय?


सात रस्ता

माझे मत तुम्हाला रविवारीच कळले होते, पण लेखी देतो. मेलेले पात्र परत आणू नये. मृत्यू हा कथेने वाचकाकडून घेतलेला उसना ऐवज आहे. आपण रडतो, रात्रभर झोपत नाही, आणि त्या बदल्यात कथा आपल्याला शब्द देते की ही हानी खरी होती. तो शब्द दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणी परवाना घेऊन फिरवायचा, हे मला पटत नाही. तुमच्या लेखकांनी सरकारी नोंद बनावट असल्याचे दाखवले हे ठीक, पण एकदा नोंदी बनावट ठरवायची सवय लागली की मग कोणतीच नोंद खरी राहत नाही. उद्या कोणी म्हणेल की संघराज्याची स्थापनाही बनावट होती.

'स्टार वॉर्स'चे उदाहरण घ्या. १९९९ सालच्या 'व्हेक्टर प्राइम' या कादंबरीत हान सोलोचा जिवलग साथी च्युबाका मेला. एक आख्खा चंद्र ग्रहावर कोसळत होता, च्युबाका खाली अडकला होता, आणि हान सोलोच्या धाकट्या मुलाने, अ‍ॅनाकिनने, बाकीच्यांना वाचवण्यासाठी यान वर घेतले. हानने मुलाला कितीतरी काळ माफ केले नाही. एका बापाचा असा अन्याय्य आणि तरीही समजण्याजोगा राग मी त्या विश्वात दुसरीकडे वाचलेला नाही. पुढे २५ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने जाहीर केले की आजवरच्या कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स' म्हणून ओळखल्या जातील आणि नव्या चित्रपटांवर त्यांचे बंधन राहणार नाही. म्हणजे च्युबाका एका निवेदनाने जिवंत झाला. कोणी त्याला शोधायला गेले नाही, कोणी त्याला ओळखले नाही, कोणाला भोवळ आली नाही. ट्रिपला निदान एक कादंबरी तरी मिळाली.


विजापूर वेस

सात रस्ता यांनी निवेदनाचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण कादंबऱ्यांचा दर्जा काय हे एकदा स्पष्ट झाल्याशिवाय हा वाद आंधळ्या कोशिंबिरीसारखा चालेल. या कादंबऱ्या परवान्यावर लिहिल्या जातात. पात्रांची मालकी स्टुडिओची असते, हस्तलिखित स्टुडिओच्या मंजुरीसाठी जाते, आणि तरीही छापून आलेल्या पुस्तकाचा पडद्यावर कसलाही अधिकार नसतो. 'स्टार ट्रेक'मध्ये हे पहिल्यापासून रोखठोक आहे : पडद्यावर दिसले ते प्रमाण, बाकी सगळे वाचकाच्या आवडीचे. 'स्टार वॉर्स'वाले मात्र पायऱ्या मांडून बसले होते. चित्रपट सर्वांत वर, त्याखाली मालिका, त्याखाली कादंबऱ्या, आणि या सगळ्याची नोंद ठेवायला २००० सालापासून 'होलोक्रॉन' नावाची एक संगणकीय वही होती. त्या पायऱ्यांमुळे वाचकांना वाटत राहिले की आपणही त्याच इमारतीत राहतो, आणि २०१४ मध्ये खालचा मजला रिकामा करायची नोटीस आली तेव्हा जास्त लागले. ट्रेकवाल्यांना कोणी मजला दिलाच नव्हता.

एक उदाहरण देतो. कॅप्टन, पुढे अ‍ॅडमिरल, जेनवे ही 'व्हॉयेजर' या ट्रेक मालिकेची नायिका. पीटर डेव्हिड यांच्या २००७ सालच्या 'बिफोर डिसऑनर' या कादंबरीत बोर्ग हे अर्धयंत्र शत्रू तिला गिळंकृत करतात आणि ती मरते. वाचकांनी आरडाओरडा केला. कर्स्टन बेयर या लेखिकेने २०१२ मध्ये 'द इटर्नल टाइड'मध्ये तिला परत आणले. पण माझ्या दृष्टीने खरे पुस्तक या दोन्हींच्या मधले आहे : २००९ सालचे 'फुल सर्कल', ज्यात चकोटे हा तिचा सहकारी तिच्या मागे कसा ढासळतो, कसा चिडखोर होतो आणि जहाजाचे कप्तानपद कसे गमावून बसतो ते सगळे बेयर यांनी सविस्तर लिहिले आहे. म्हणून जेनवे परत आली तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले नाही. पाच वर्षे तिची जागा रिकामी होती आणि ती रिकामी जागा कोणीतरी रोज झाडून ठेवत होते.


कडक भाकरी

मला फक्त एक शंका आहे. पडद्यावर काहीही झाले की कादंबरी रद्द होणार असेल, तर वेळ घालवून ती वाचायचीच कशाला?


उत्तर कसबा

कडक भाकरी यांच्या शंकेला मी संस्कृतची विद्यार्थिनी म्हणून उत्तर देते, कारण आमच्या शाखेत हा प्रश्न फार आधी येऊन गेला आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते पडताळून संपादकांनी संहिता ठरवली, आणि जे श्लोक किंवा जे प्रसंग मागाहून शिरलेले दिसले ते बाजूला काढले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेला आहे. चिकित्सित आवृत्तीच्या मूळ संहितेत तो नाही. पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. संपादकांनी प्रक्षिप्त भाग फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत छापला, कोणत्या हस्तलिखितात आहे आणि कोणत्यात नाही याच्या खुणांसह. गणपती परिशिष्टात गेला म्हणून कोणी देवघरातून काढला नाही.

मला परवान्यावरच्या कादंबऱ्या अशाच वाटतात. त्या मुख्य संहितेत नाहीत, पण परिशिष्टात आहेत, आणि पुष्कळदा परिशिष्टातच मजकूर अधिक रसाळ असतो. 'रद्द' हा शब्द कायद्याचा आहे. साहित्यात 'पाठभेद' असतो.

आता मेलेल्यांच्या परत येण्याविषयी. हे काही पाश्चात्त्य मालिकांचे खूळ नव्हे. आश्रमवासिक पर्वात, युद्धाला सोळा वर्षे होऊन गेल्यावर, गांधारी व्यासांना सांगते की महाराजांचा पुत्रशोक अजून ओसरलेला नाही. मग व्यास गंगेच्या पाण्यातून कुरुक्षेत्री पडलेले सगळे वीर एका रात्रीसाठी वर आणतात. कर्ण येतो, अभिमन्यू येतो, दुर्योधन आणि त्याचे भाऊ येतात. वैर उरलेले नसते, आणि धृतराष्ट्राला ते पाहता यावे म्हणून त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते. पहाट होण्याआधी सगळे पुन्हा पाण्यात जातात. कथेच्या सातत्याला एवढासाही धक्का लागत नाही, कारण मेलेले मेलेलेच राहतात. आणि त्यांना आणले जाते ते मागे राहिलेल्यांच्या मागणीवरून, मागे राहिलेल्यांसाठी. धागालेखकांच्या समासातल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते : व्यासांनी आधी गांधारीचे ऐकले होते.


सात रस्ता

उत्तर कसबा, दृष्टान्त सुंदर आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. एका रात्रीपुरते आले आणि गेले. ट्रिप पहाटे परत गेला नाही; तो पुढे 'कोबायाशी मारू', मग रोम्युलन युद्धावरच्या दोन कादंबऱ्या, आणि त्यानंतर ख्रिस्तोफर बेनेट यांच्या २०१३ ते २०१७ दरम्यानच्या पाच कादंबऱ्या, इतका मुक्कामाला राहिला.


दक्षिण कसबा (धागालेखक)

मुक्कामाला राहिला हे खरे, आणि त्यावर मी पुढे येतो. आधी माझ्या मनात जे घोळते आहे ते सांगतो, कारण उत्तर कसबा यांनी गांधारीचे नाव काढले आणि मला थेट पार्वतीबाई आठवल्या.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी वैधव्याच्या खुणा घेतल्या नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला. त्याला पकडले, कैदेत ठेवले, तो सुटला, आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात एवढे बंड उभे केले की किल्ले आणि सरदार त्याला मिळू लागले. शेवटी त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. शाळेत हे वाचताना मला नेहमी प्रश्न पडे की इतकी माणसे त्याच्या मागे कशी गेली. उत्तर असे की ज्या घराने भाऊ गमावला होता, ज्या सैनिकांचे नातलग परतले नव्हते, त्यांना तो परत यायला हवा होता. मेलेल्याच्या येण्याची वाट पाहणारी माणसे असली की येणारा येतोच. तो खरा की तोतया हे मग ओळखीच्या माणसांनी ठरवायचे असते. आणि त्या ओळखीत सगळ्यांत मोठा शब्द पार्वतीबाईंचा असायला हवा.

माझा मुद्दा हा आहे. परत आलेले पात्र खरे की तोतया हे स्टुडिओच्या शिक्क्याने ठरत नाही, आणि लेखकाने किती चतुर पळवाट काढली यावरूनही ठरत नाही. त्या पात्रासाठी कथेत जो रडला त्याच्यासमोर त्याला उभे करावे लागते. विजापूर वेस यांना जेनवे खरी वाटली, कारण चकोटेसमोर ती उभी राहिली. मालिकेच्या शेवटच्या भागात ट्रिपच्या सामानाची आवराआवर करताना टीपॉल आर्चरला म्हणते की ट्रिपचे आईवडील समारंभाला येणार आहेत, मला त्यांना भेटायचे आहे. भावना दाखवायच्या नाहीत असे बाळकडू मिळालेली ही बाई, आणि तिला त्याची आई पाहायची आहे. त्या आईवडिलांनी आधीच एक मुलगी गमावली आहे. झिंडी या परग्रहवासीयांच्या हल्ल्यात सत्तर लाख माणसे मेली त्यात ट्रिपची बहीण होती. दुसऱ्या सगळ्या प्रसंगांपेक्षा हा एवढासा प्रसंग मला त्या भागात खरा वाटला. कादंबरी जेव्हा म्हणते की मृत्यू बनावट होता, तेव्हा ती नकळत हेही म्हणते की टीपॉलचा हा शोक कोणीतरी ठरवून घडवलेला होता. हे ओझे मोठे आहे.


रेल्वे लाइन्स

शोक ठरवून घडवण्याचा पहिला मान होम्सचा. १८९३ च्या डिसेंबरात 'द फायनल प्रॉब्लेम' छापून आली आणि राइखेनबाखच्या धबधब्यात होम्स संपला. मधे १९०१ ते १९०२ या काळात बास्करव्हिलची कादंबरी क्रमशः आली, पण तिच्यातला प्रसंग होम्सच्या मृत्यूच्या आधीचा मानला गेला. १९०३ मध्ये 'द एम्प्टी हाउस'मध्ये तो परतला. कथेतल्या हिशेबाने १८९१ ते १८९४ अशी तीन वर्षे वॉटसन त्याच्यासाठी झुरत होता, आणि होम्सने आपण जिवंत असल्याचे फक्त मोठ्या भावाला, मायक्रॉफ्टला, कळवले होते. समोर होम्स पाहून वॉटसन आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा बेशुद्ध पडतो, हे तो स्वतःच नोंदवतो. मी सातवीत असताना हा प्रसंग वाचून इतका आनंदलो होतो की होम्सचा राग येण्याचे सुचलेच नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा वाचला तेव्हा मला वॉटसनचा राग आला, की हा माणूस शुद्धीवर येऊन चिडला का नाही.

सातत्याविषयी सांगायचे तर तिथे आनंदीआनंद आहे. वॉटसनची गोळीची जखम एका कादंबरीत खांद्याला आहे तर दुसऱ्या कादंबरीत पायाला. 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये वॉटसन म्हणतो की मोरिआर्टीचे नाव मी कधी ऐकलेले नाही, आणि त्याआधी घडलेल्या 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये तो मोरिआर्टीविषयी निवांत गप्पा मारतो. 'विस्टेरिया लॉज' तर मार्च १८९२ मधली, म्हणजे होम्स जगाच्या लेखी मेलेला असतानाची! १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने बायबलच्या अभ्यासकांची टर उडवण्यासाठी या विसंगतींवर गंभीर चेहऱ्याने निबंध लिहिला, आणि तेव्हापासून होम्सच्या कथांना धर्मग्रंथासारखे 'कॅनन' म्हणण्याची रीत पडत गेली. जो शब्द घेऊन आपण आज भांडतो आहोत तो मुळात थट्टेतून आलेला आहे, हे लक्षात असू द्यावे.


बाळीवेस

यात किर्क राहिला. १९९४ सालच्या चित्रपटात कॅप्टन किर्क मेला आणि १९९६ मध्ये 'द रिटर्न' या कादंबरीत परत आला. ती कादंबरी दोन सहलेखकांना घेऊन लिहिली होती खुद्द विल्यम शॅटनर यांनी, म्हणजे किर्कची भूमिका करणाऱ्या नटानेच. वादी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच. अशा निकालावर अपील कुठे करायचे?


पूर्वभागातला

मी फारशा कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत; मालिका मात्र रात्रपाळीनंतर पाहिलेल्या आहेत. आमच्या घरी वडिलांचे दोन माग होते, आणि धागालेखकांनी 'फट' हा शब्द वापरला त्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

चादर विणताना ताण्यातली एखादी तार तुटते. माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, त्याला नव्या सुताचा तुकडा जोडायचा, तो फणीतून ओवून घ्यायचा आणि पुन्हा माग सुरू करायचा. गाठ कशी मारली यावर सगळे अवलंबून असते. जाड गाठ फणीत अडते आणि शेजारच्या चार तारा तोडते; घाईत मारलेली गाठ दोन हात कापड विणून झाल्यावर सुटते. वडील गाठ मारून झाल्यावर ओल्या बोटाने ती चेपायचे आणि मग डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायचे. डोळ्याला न दिसणारी गाठ बोटाला कळते. गिऱ्हाइकाला चादर पसरून दाखवताना मात्र गाठ कुठे आहे हे वडिलांनी कधी लपवले नाही, कारण पहिल्या धुण्यात ते कळणारच असते.

या दोन लेखकांची गाठ मला बारीक वाटते. सहा वर्षांत बढती नाही, ही मालिकेतली आधीच तुटलेली तार होती. त्यांनी तिलाच सूत जोडले. पण शेजारच्या तारेला, म्हणजे टीपॉलला, ताण बसला आहे हे धागालेखकांचे म्हणणे बरोबर आहे. 'स्टार वॉर्स'मध्ये मात्र गाठ मारलीच नाही, आख्खा ताणा उतरवून नवा चढवला. त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही, पण अप्रामाणिकही म्हणता येत नाही. ती वेगळी चादर आहे.


विजापूर वेस

पूर्वभागातला यांच्या 'वेगळ्या चादरी'वरून एक नमुना लक्षात आला, तो इथे ठेवतो. कादंबऱ्यांत च्युबाका मेला आणि हान रडत राहिला. नव्या चादरीत, २०१५ च्या चित्रपटात, हान मेला आणि च्युबाका मागे राहिला. कादंबऱ्यांत जेनवे मेली आणि चकोटे ढासळला. २०२१ पासूनच्या 'प्रॉडिजी' या मालिकेत जेनवे जिवंत आहे आणि ती बेपत्ता झालेल्या चकोटेला शोधत फिरते आहे. दोन्ही ठिकाणी मृत्यू पुसला गेला, पण शोक पुसला गेला नाही. त्याने फक्त घर बदलले. नव्या लेखकांनी हे जाणून केले असेल असा माझा दावा नाही. पण दोन माणसांमधली ओढ खरी असली की कोणीही लिहायला बसले तरी त्यातला एक जातो आणि दुसरा मागे उरतो, असे दिसते.


सात रस्ता

हा नमुना मला आवडला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याने माझी थोडी पंचाईत केली आहे. च्युबाकाचा मृत्यू निवेदनाने पुसला म्हणून मी संतापलो होतो. पण हानचा शोक वाया गेला नाही असे पाहिले, तर माझा अर्धा राग उतरतो. उरलेला अर्धा मी राखून ठेवतो, कारण अ‍ॅनाकिन सोलो नव्या चादरीत नाहीच. बापाचा राग सोसणारा तो मुलगा जन्मलाच नाही. त्याच्या वाट्याचे कोणाकडे गेले?

'स्टार ट्रेक'मधल्या डेटा या यंत्रमानवाविषयीही बोलू. २००२ च्या चित्रपटात तो मेला. डेव्हिड मॅक यांनी २०१२ मधल्या 'कोल्ड इक्वेशन्स'च्या तीन कादंबऱ्यांत त्याला परत आणले. त्याला घडवणारा डॉक्टर सूंग आपल्यासाठी तयार केलेले यंत्रशरीर त्याला देऊन टाकतो. बापाने मुलासाठी जीव द्यावा हे आपल्याकडे बाबरापासून सांगितले जाते, त्यामुळे इथे मी हरकत घेतली नव्हती. शिवाय परत आल्यावर डेटाचा पहिला ध्यास आपल्या मृत मुलीला, लालला, परत आणण्याचा आहे. म्हणजे जो मेला होता तोच आता शोक करणारा झाला. पुढे २०२० मध्ये पडद्यावर 'पिकार्ड' मालिकेने ही सगळी मांडणी बाजूला ठेवली आणि डेटाच्या स्वतःच्या विनंतीवरून त्याला शांतपणे संपू दिले. तो प्रसंग मला 'कोल्ड इक्वेशन्स'इतकाच मोलाचा वाटतो. आणि २०२३ मध्ये त्याच मालिकेने त्याला तिसऱ्यांदा उभे केले. तेव्हा कादंबऱ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी पडद्याकडेही एकदा पाहावे. प्रमाण संहिताच एवढी अधीर असेल तर परिशिष्टाला काय बोलायचे?


कडक भाकरी

म्हणजे 'पिकार्ड' आल्यावर कादंबऱ्यांचे विश्व तसेच लटकत राहिले का?


उत्तर कसबा

नाही, त्यांनी स्वतः त्याचे उत्तरकार्य केले. २००१ पासून एकमेकींना धरून चालत आलेल्या त्या कादंबऱ्यांचा शेवट करण्यासाठी २०२१ मध्ये 'कोडा' या नावाने तीन कादंबऱ्या आल्या. डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक यांनी एकेक लिहिली. त्यात त्या विश्वातल्या माणसांना कळते की आपला काळप्रवाह राहिला तर बाकीचे सगळे बुडतील, आणि ते आपल्या हातांनी आपला प्रवाह मिटवतात. वीस वर्षे वाचलेली माणसे एकामागून एक जातात. मला तिसरे पुस्तक सलग वाचवले नाही. पन्नास पाने वाचून ठेवून द्यायचे आणि सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून यायचे, असे करत आठवडा गेला. पण कोणा अधिकाऱ्याच्या निवेदनाने संपण्यापेक्षा आपल्या माणसांच्या हातून, निरोप घेऊन संपणे हे केव्हाही बरे. आश्रमवासिक पर्वातले ते वीरही पहाटे आपल्या पायांनीच पाण्यात उतरतात.


दक्षिण कसबा (धागालेखक)

आता 'मुक्कामाला राहिला' याचे उत्तर देतो, आणि माझ्याच पहिल्या लेखनात एक दुरुस्ती करतो.

आपल्या चर्चेनंतर मी 'कोबायाशी मारू' पुन्हा काढली. २००८ ची ही कादंबरी मी एकदा उडत उडत वाचली होती, कारण माझे लक्ष जहाजांच्या लढाईकडे होते. यात टीपॉलला ट्रिप जिवंत असल्याचे ठाऊक आहे, आणि ती रीडला सोबत घेऊन, नियम मोडून, रोम्युलन हद्दीत त्याला शोधायला निघते. म्हणजे लेखकांना समासातला प्रश्न पडला होता. त्यांनी एका पुस्तकाचा अवधी घेतला, एवढेच. रद्दीतली माझी प्रत ज्याने आधी वाचली त्याच्या हाती बहुधा हे दुसरे पुस्तक लागले नसावे.

तरीही माझी हरकत पुरती गेलेली नाही. शोधायला निघणे आणि समोरासमोर बसून 'तू मला का सांगितले नाहीस' असे विचारणे यांत अंतर आहे. ट्रिप पुढे वर्षानुवर्षे हेर म्हणून जगला, नाव बदलून, चेहरा बदलून. सात रस्ता याला मुक्काम म्हणतात, मला तो अज्ञातवास वाटतो. पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाचा होता आणि त्यात द्रौपदी बरोबर होती. मालिकेच्या त्या शेवटच्या भागात, तपासणीच्या यंत्रात सरकवले जाताना ट्रिप आर्चरला डोळा मारतो. पूर्वी मला ती मरणाऱ्या माणसाची गंमत वाटायची. कादंबरी वाचल्यावर ती दोघांमधली खूण वाटू लागली, आणि आता तो प्रसंग पाहताना मी आर्चरकडे पाहतच नाही. टीपॉल त्या वेळी खोलीत नाही, एवढेच दिसत राहते.


पूर्वभागातला

मालक, ती चाळीस रुपयांची प्रत चार दिवसांसाठी मिळेल का? पेन्सिलीचे अक्षर पाहायचे आहे.


दक्षिण कसबा (धागालेखक)

अवश्य. रविवारी पार्क चौकात घेऊन येतो. कणा जपून धरावा, एकशे वीसच्या आसपासची पाने सुटलेली आहेत, आणि 'कोबायाशी मारू'ही सोबत देतो. ती आधी वाचू नये.